नऊ नंबरचं कांद्याचं बी

अडतीस वर्षं मी दवाखान्यात कंपाउंडर होतो आणि अडतीस वर्षांत माझ्या हातून एकही चुकीची बाटली बाहेर गेली नाही. हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझी अब्रू जाणार आहे, आणि जाण्यापूर्वी ती होती एवढं तरी तुम्हाला माहीत असलेलं बरं.

माझी ख्याती नाकाची. लेबल निघून गेलेली बाटली आली की डॉक्टर खोलीतूनच म्हणायचे, "कंपाउंडरसाहेबांच्या नाकाखाली धरा." मी बूच काढायचो, एक श्वास घ्यायचो आणि सांगायचो. सिस्टरलोक पैज लावून बघायच्या आणि हरायच्या. निवृत्त झालो तेव्हा डॉक्टरांनी भाषणात माझ्यापेक्षा माझ्या नाकाचंच कौतुक जास्त केलं, आणि मला त्याचं काही वाईट वाटलं नाही.

आमच्या घरात माणसं तीन आणि धंदे तीन. माझी बायको रोपवाटिकेत बियाण्यांच्या काउंटरवर बसते. मुलगी विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएचडी करते. तिला आम्ही मुंगी म्हणतो, कारण लहानपणी ती स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू ओढत घरभर फिरायची आणि कुणी मदतीला गेलं की चावायची. आता सत्तावीस वर्षांची घोडी झाली तरी चावते.

तिच्या अभ्यासाचा विषय कलौंजी. ते काळं, तीन कोपऱ्यांचं बारीक बी असतं ना, तेच. माझी आई त्याला कांद्याचं बी म्हणायची, म्हणून मीही म्हणतो. दिसायला अगदी कांद्याच्या बियांसारखं, पण कांद्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. मुंगीला हा शब्द ऐकला की मिरच्या झोंबतात. "बाबा, नायजेला म्हणा, कलौंजी म्हणा. तुमच्या या एका शब्दापायी एखाद दिवशी कुणीतरी गोत्यात येईल." मी म्हणायचो, "तुझी आजी उभा जन्म कांद्याचं बी म्हणत आली, ती कुठे गोत्यात आली?"

जेवताना ती आम्हाला शिकवायची. ताटात बोटाने गोल काढून सांगायची की शंभर ग्रॅम बियांत पस्तीस-चाळीस ग्रॅम नुसतं तेल, वीसेक ग्रॅम प्रथिनं, बाकी कोंडा-चोथा आणि क्षार. "आणि हवेत उडून जाणारं सुगंधी तेल जेमतेम एक ग्रॅम. कधी तेवढंही नाही. खरी करामत त्यात." त्या ग्रॅमभर तेलात थायमोक्विनोन नावाचं एक द्रव्य असतं. ओव्याचं सत्त्व, म्हणजे थायमॉल, मी दवाखान्यात रोज हाताळलेलं. हे त्याचं चुलत भावंड निघालं, त्यामुळे मला एकदम घरोबा वाटला.

"मग याने काय काय बरं होतं?" मी विचारायचो.

"सूज थोडी उतरते. दम्यात थोडा आराम पडतो, असं काही अभ्यास सांगतात. रक्तातली साखर थोडी कमी होते. म्हणूनच साखरेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना न विचारता खाऊ नये." मुंगीच्या प्रत्येक वाक्यात एक थोडा, थोडी किंवा थोडं असतंच. माझ्या तोंडून तेच वाक्य बागेतल्या बाकावर पोचेपर्यंत सगळे थोडे गळून पडायचे.

कारण गेल्या वर्षी माझे गुडघे बोलायला लागले होते. मी बायकोला म्हटलं, "कांद्याचं बी आण गं डबाभर."

"खायला?" तिने विचारलं.

"मग काय अंगाला लावायला? गुडघ्यांसाठी."

"अहो, पण कांद्याचं बी म्हणजे—"

"अडतीस वर्षं औषधं दिली मी. मला शिकवू नकोस."

दुसऱ्या दिवशी डबा भरून ओट्यावर हजर. मी दर रविवारी आठवड्यापुरतं बी खलात कुटायचो आणि रोज सकाळी अर्धा चमचा मधातून घ्यायचो. मग बागेत चालायला. तिथल्या बाकावर एक शिंपी, एक निवृत्त पोस्टमन आणि एक बँकवाला बसायचे. तिघांनाही मी कांद्याच्या बियांचे गुण ऐकवायचो. त्यांना कंटाळा आला की पुढच्या बाकावर जायचो. दोन महिन्यांत गुडघे सुटले. तीन महिन्यांत जिना धावत चढायला लागलो. शिंप्याने तर मला बीवाले काका असं नावच ठेवलं.

मुंगीकडे अभ्यासासाठी ठिकठिकाणाहून जमवलेले तेवीस चांगले नमुने होते. चोविसावा माझ्याकडून घे, असा हट्ट मीच धरला. "तू फक्त दुकानातलं बी तपासलंयस. माझ्या बियाला माझ्या गुडघ्यांची सही आहे."

"द्या, पण अख्खं बी द्या. नियम आहे माझा."

अख्खं संपलं होतं. नवं बी हिने आणायचं होतं. मी कुटलेली पूड पुढे केली. मुंगीने पुडी हातात घेऊन बघितली. वासावरून तिला काही कळायचा प्रश्नच नव्हता, कारण तिचे हात, तिची वही, तिची पिशवी, सगळ्यालाच वर्षानुवर्षं कलौंजीचा वास मारत होता. तिची आई तर तिचे कपडे वेगळे धुवायची. "दुसऱ्या कुणाकडून पूड घेतली नसती हं, बाबा," मुंगी म्हणाली. "तुमची म्हणून घेते." आणि तिने पुडीवर लिहिलं, नमुना क्रमांक नऊ. खरा नऊ नंबर ओला निघून बाद झाला होता, त्या रिकाम्या खुर्चीत मला बसवलं.

महिन्याभराने मुंगीचं जेवण तुटलं. विचारलं तर, काही नाही. पुन्हा विचारलं तर, चावली. मग एका संध्याकाळी ती माझ्यासमोर कागदांची चळत घेऊन बसली. यंत्रातून निघालेल्या रेषा होत्या, डोंगरासारखी टोकं असलेल्या.

"हे बघा. आठ नंबर. हे मोठं टोक म्हणजे थायमोक्विनोन. हा दहा. हा अकरा." मग तिने नऊ नंबर उलगडला. त्या जागी रेष सपाट होती. "शून्य. पाच वेळा यंत्राला लावलं. पाचही वेळा शून्य. जुनं बी असेल तर कमी निघतं, पण इतकं कोरं नाही निघत."

"मग तुझं यंत्र बिघडलं असेल."

"माझ्या गाइड मॅडमही तेच म्हणतात. आणि तिथेच घोडं अडलंय, बाबा. माझी पद्धत एका नमुन्यात असलेलं द्रव्य साफ चुकवत असेल, तर बाकीच्या तेवीस आकड्यांवर कोण विश्वास ठेवेल? तीन वर्षांचं काम आहे." ती थांबली. "मी एकच विचारते. ती पूड नक्की कलौंजीचीच होती ना?"

आता बघा. इथे मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की थांब, आईला विचारू. त्याऐवजी मी ताठ झालो. "अडतीस वर्षांत माझ्या हातून चुकीची पुडी गेली नाही, आणि पोटच्या पोरीला देईन? वास घेऊन दिलीय मी."

वास घेऊन. असं म्हणालो मी.

मुंगीने मान हलवली. "मग चूक माझीच आहे," ती म्हणाली. "सोमवारी प्रबंध द्यायचा होता. मी मॅडमना पत्र लिहिते, मागे घेते म्हणून. सगळे नमुने पहिल्यापासून लावावे लागतील. वर्ष जाईल." कागदांची चळत सरळ करून ती आत गेली. माझ्या शब्दाला तिने पाच वेळा काढलेल्या रेषेपेक्षा जास्त मान दिला होता, आणि मी मिशीवरून हात फिरवत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मुंगी सकाळीच प्रयोगशाळेत गेली, पत्र तिथेच लिहिणार म्हणाली. मला काही चैन पडेना. म्हटलं, तिला अख्खं बी नेऊन देऊ, पुन्हा लावून बघ म्हणू. बायको नुकतीच नवा डबा भरत होती.

"अगं, हे बी तू आणतेस कुठून?"

"आमच्याच वाफ्यातलं. विकायच्या बियाण्याला कीटकनाशक लावलेलं असतं, ते तुम्हाला खायला कसं देऊ? मी वेगळं ठेवते तुमच्यासाठी. फुलं वाळली की हाताने चोळून काढते."

"कसली फुलं?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू चष्मा कपाळावर असताना मी चष्मा शोधतोय. "कांद्याची. कांद्याच्या बियाला आणखी कसली फुलं येणार?"

मी खुर्चीवर बसलो. आठ महिने मी रोज सकाळी मधातून कांद्याचं बी खात होतो. खरोखरचं. पेरायचं.

"तू बोलली नाहीस मला?"

"बोलायला गेले होते. तुम्ही म्हणालात, मला शिकवू नकोस. म्हटलं, खाऊ दे. त्याने काही अपाय नाही. आणि बी खाल्लं की तुम्ही तासभर बागेत चालत लोकांचं डोकं खाता. त्याने गुडघे सुटणारच होते." मुंगीच्या पुडीचं तिला काही माहीतच नव्हतं. मी सगळं सांगितलं. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"पण अहो," ती हळू आवाजात म्हणाली, "कलौंजी चुरडली की घर भरतं वासाने. तुम्ही दर रविवारी कुटता. तुम्हाला कळलं नाही?"

खरं सांगतो, त्या क्षणी मनात आलं, दोष हिच्या माथी मारावा. डबा तिने भरला, मी फक्त कुटला. मुंगीने तेही मानलं असतं. बाप म्हणून माझा शब्द चालला असता आणि माझं नाक शाबूत राहिलं असतं. मी तोंड उघडलंही.

"मला वास येत नाही," मी म्हणालो. "मागे तो मोठा ताप आला होता ना, त्यानंतर गेला. आता दीड वर्ष होईल."

हे वाक्य मी तोवर कुणालाच, अगदी आरशालाही, सांगितलं नव्हतं. दीड वर्ष मी चहाच्या कपावर वाकून वा म्हणत होतो. दूध नासलं की नाही ते रंगावरून ओळखत होतो. मुंगीच्या केसांना लहानपणी यायचा तो वास आठवून आठवून जपत होतो. ज्या माणसाचं सगळं नाव त्याच्या नाकात, त्याने आपलं नाक मेलंय हे कुणाला सांगायचं?

"मला माहीत आहे," ही म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"उन्हाळ्यात टेबलावर गुलाब ठेवला होता मी. तुम्ही नाकाशी धरून म्हणालात, काय सुगंध आहे." तिने पदराने हात पुसले. "कागदाचा होता तो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. दीड वर्षात मीसुद्धा दोनदाच रडले, फार नाही." तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, मग डब्यातलं मूठभर बी कागदात बांधून माझ्या हातात दिलं. "जा आता. पोरगी पत्र टाकून मोकळी व्हायच्या आत जा."

मी बसची वाट बघितली नाही. गुडघे चांगले होते, कशाने का असेनात. अर्ध्या तासात विद्यापीठाच्या मागच्या इमारतीत पोचलो आणि दोन जिने चढलो. मुंगीची प्रयोगशाळा म्हणजे लांबट खोली. भिंतीला लागून ओटा, त्यावर काचेची नळकांडी, एक जुना फ्रिज आणि कोपऱ्यात तो रेषा काढणारा खोका गुरगुरत होता. मुंगी संगणकासमोर बसली होती. पडद्यावर पत्र होतं. शेवटी तिचं नाव टाईप करून झालं होतं.

"बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

मी पुडी ओट्यावर ठेवली. "नऊ नंबरचं अख्खं बी आणलंय. भिंगाखाली बघ."

तिने चार बिया काचेवर टाकल्या आणि डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग एक बी बोटात चुरडून हुंगलं. मग आणखी एक.

"हे कांद्याचं बी आहे," ती म्हणाली.

"हो. कांद्याचं कांद्याचं."

"पण तुम्ही वास घेऊन..."

"खोटं बोललो. मला वासच येत नाही, मुंगे. दीड वर्ष झालं. तुझ्या आईने डबा भरला तो माझ्या शब्दावर, आणि तू पूड घेतलीस तीही माझ्या शब्दावर. तुझं यंत्र बरोबर होतं. चुकीची पुडी माझ्या हातून गेली." एवढं बोलून मी तिच्या स्टुलावर बसलो. अडतीस वर्षांची अब्रू त्या ओट्यावर चार बियांशेजारी पडली होती.

मला वाटलं, चावेल. चावायला हवं होतं. पण नऊ नंबरची रेष तिने पुढ्यात ओढली आणि त्या सपाट जागेवरून बोट फिरवलं, पुन्हा पुन्हा.

"बाबा, शून्य बरोबर आहे," ती म्हणाली. "यात थायमोक्विनोन नाहीच, आणि पद्धत पाचही वेळा नाही म्हणाली. मी तिला चूक ठरवत होते, आणि ती मला ओरडून सांगत होती." मग ती माझ्याकडे वळली. "मला असा नमुना मुद्दाम शोधूनही मिळाला नसता. मला स्वतःलाच माहीत नाही की हे दुसरंच बी आहे, आणि तरी पद्धतीने पकडलं. मॅडम नाचतील."

"म्हणजे फायदाच झाला म्हण की."

"फायदा?" आता मात्र ती चावली. "दोन आठवडे मी झोपले नाहीये. आणि तुम्ही दीड वर्ष आम्हाला पत्ता लागू दिला नाहीत? गॅस उघडा राहिला असता तर? घरात तुम्ही एकटे असता दिवसभर." ती रडत होती आणि मला रागवत होती, दोन्ही एकदम. मी ऐकून घेतलं. इतकं बरं मला दीड वर्षात वाटलं नव्हतं. मग तिने पडद्यावरचं पत्र पुसून टाकलं आणि डोळे पुसत म्हणाली, "सोमवारी मला नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे जायला जमणार नाही, प्रबंध द्यायचाय. मंगळवारी जाऊ."

प्रबंध सोमवारी गेला. नऊ नंबर त्यात आहे, स्वतंत्र पानावर. नमुना कुठून मिळाला त्या रकान्यात तिने लिहिलंय, वडिलांचा डबा. मॅडमनी ती ओळ खोडायला सांगितली होती म्हणे, मुंगीने ऐकलं नाही.

बागेतल्या बाकावर मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. शिंपी इतका हसला की पोस्टमनला त्याची पाठ थोपटावी लागली. त्याने माझं नाव बदललं नाही. म्हणाला, बीवाले काका कुठल्याही बियाला शोभतं.

मंगळवारचे डॉक्टर म्हणाले, तापाने वासाची नस मार खाते, कधी सावरते, कधी नाही. रोज चार ओळखीचे वास नाकाशी धरून बसायचं, लक्ष देऊन, घाई न करता. आणि नस जागी व्हायला लागली तर सुरुवातीला चांगले वासही विचित्र येतात, घाबरू नका.

तेव्हापासून रोज सकाळी चहाआधी मुंगी माझ्यासमोर बसते. लिंबाची साल, लवंग, गुलाब, हा खरा, रोपवाटिकेतून हिने आणलेला, आणि चौथी चिमूटभर कलौंजी, ताजी चुरडलेली. ती एकेक माझ्या नाकाखाली धरते आणि विचारते, "काय?"

"काही नाही," मी म्हणतो. पहिल्या दिवशी लवंगेला हो म्हणून बघितलं. तिने नुसतं बघितलं माझ्याकडे. मग पुन्हा खोटं बोललो नाही. ती वहीत तारीख घालते आणि चार शून्यं काढते. शून्य लिहायला तिला वाईट वाटत नाही, ती म्हणते. खरं असलं म्हणजे झालं. ही ओट्याशी उभी राहून ऐकत असते आणि चहा मुद्दाम उशिरा ओतते.

अशी शून्यांची अकरा पानं भरली. मग परवा सकाळी लिंबू झालं, लवंग झाली, गुलाब झाला. शून्य, शून्य, शून्य. मुंगीने बोटात कलौंजी चुरडली आणि पुढे केली. मी श्वास घेतला आणि मान मागे घेतली.

"शी," मी म्हणालो. "काय घाण आहे. रबर जळल्यासारखं."

ओट्याशी कपबशीचा आवाज झाला. मुंगीचा हात तसाच माझ्या नाकाखाली राहिला. "पुन्हा सांगा," ती म्हणाली.

"घाण. अगदी घाण. बाजूला कर ते."

तिने बाजूला केलं नाही. डाव्या हाताने वही ओढली, तारीख घातली, तीन शून्यं काढली आणि चौथ्या रकान्यात मोठ्या अक्षरात लिहिलं, घाण. मग वही आईला दाखवायला उठली, आणि जाता जाता तिची ओढणी माझ्या तोंडावरून गेली. तिलाही तोच घाणेरडा वास होता. मी ती ओढणी धरून ठेवली.